गुडघ्याची गोळी

आई, आज दुकानात एक बाई आल्या. काउंटरला हात टेकून म्हणाल्या, "गुडघ्याची गोळी द्या की, ती पिवळी." बीपी आहे का, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का, असं मी विचारलं. "इतकं कुणी इचारत न्हाय बाई," म्हणत त्या समोरच्या दुकानात गेल्या. तिथं त्यांना मिळाली. पायरीवर बसून त्यांनी गोळी घेतली आणि मी इकडून नुसती बघत राहिले. रोज असंच होतं.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. त्याआधी तू खानावळीत भाकऱ्या करायचीस. उचगावातून सकाळची बस, मग दुपार टळेपर्यंत ओट्यापाशी उभं राहायचं. घरी आल्यावर भिंत धरून चालायचीस. मी राजारामपुरीतल्या औषधाच्या दुकानात नुकती लागले होते. त्या पिवळ्या गोळ्यांची पहिली पट्टी मीच आणून दिली. दुसऱ्या दिवशी तू कितीतरी महिन्यांनी मांडी घालून जेवायला बसलीस आणि शेजारणीला म्हणालीस, "आमची लेक डाक्टरच हाय की." मला किती बरं वाटलं होतं. मग रोजची एक गोळी झाली, नंतर दोन. अशी तीन वर्षं गेली. वर कॅल्शियम दिलं, ताकदीची पावडर दिली. बीपीची गोळी मात्र संपली की तू आठ-आठ दिवस आणायला सांगायची नाहीस. "चक्कर येत न्हाय, मग कशाला?" मग मीही आणायची नाही. बीपी दुखत नाही, गुडघा दुखतो. आपण दोघींनी दुखण्यालाच आजार मानलं. गोळीच्या खोक्यातल्या कागदावर किडनीबद्दल लिहिलेलं असायचं. तो कागद मी वाचला होता. पण ते दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय असं वाटायचं.

तुझे पाय सुजले. "उभं राहून हुतंय," म्हणालीस. मग तोंडाची चव गेली, लघवी कमी झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई रिपोर्ट खाली ठेवून विचारतात, "दुखण्याच्या गोळ्या किती दिवस खाताय? कुणी दिल्या?" दादा माझ्या शेजारी उभा आहे. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणतेस, "माझ्याच मनानं आणल्या. पोरीला ठावं न्हाय."

मी मान खाली घातली. तिथं बोलले असते तर तुझ्या किडन्या काही परत आल्या नसत्या, हे खरं. पण मी त्यासाठी गप्प बसले नव्हते. पुढं सात महिने डायलिसिस. एकदा सुई लावलेला हात न हलवता तू म्हणालीस, "आता गुडघा दुखत न्हाय बघ." मी हसले, कारण तू हसत होतीस.

परवा तुझ्या तिथीला पावणे जेवायला बसले होते. दादा म्हणाला, "आईनं कुणाचं ऐकलं न्हाय. हट्टानं गेली." हातात आमटीचं भांडं धरून मी म्हणाले, "व्हय, हट्टीच होती."

हे पत्र मी दादाला वाचायला द्यायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. देणार नाही.