दोन हात दोर

नाही सर, गुडघे नाही दुखत माहे. कोनी इचारलं नाही, पन उकिडवं बसून बॉल झेलनारी कॅचर साठीच्या पुढं गेली का लोक आधी गुडघ्याकडंच पाहतात, म्हनून सांगून टाकलं एकदाचं. अजूनही सकाळी साडेपाचले मैदानावर जाते, उकिडवी बसते अन् कोनाचा हात न धरता उठते. तुमाले जाऊन बारा वर्षं झाले, पत्र लिहाची मले काही हौस नव्हती. पन ते तुमची धारनीची पोट्टी, आता तिले मॅडम म्हना लागते, तुमच्याच खुर्चीवर बसते, तिनं मले कामाले लावलं. कॉलेज स्मरणिका काढून राहिलं, मुलींच्या सॉफ्टबॉलची. म्हने, "मावशी, अकोल्याच्या फायनलची गोष्ट तुमी लिहा. त्या टीममधलं इथं दुसरं कोनी उरलं नाही." मी म्हनलं, "मी बीए पहिल्या वर्षाले दोनदा नापास झालेली बाई, मी काय लिहू?" त म्हने, "काही नाही, सर सांगत तशीच लिहा." तिथंच त गोम हाय. तुमी सांगत तेवढी ते गोष्ट पुरी नव्हती, अन् हे फक्त मले माहीत हाय.

तुमी आमच्या कॉलेजात आले तवा कबड्डीचे होते. कुठल्याशा कॅम्पातून आठ दिवसांत सॉफ्टबॉल शिकून आले अन् प्राचार्यांले म्हनले, मुलींची टीम काढतो. त्यांनी मागचं मैदान देलं, अर्धं गोखरू, अर्धे बाभळीचे काटे. पहिला महिनाभर आमी खेळलोच नाही, गोखरूच उपटला. सहा ग्लोव्ह अन् नऊ जनी. माहा मास्क तुमी वेल्डरकडून करून आनला होता, खिडकीच्या गजासारखा. तोंडावर चढवला का वाटे मी जेलातून पाहून राहिली. अन् नावानं तुमी कोनाले कधी हाक मारली नाही. पिचर एक, कॅचर दोन, फर्स्ट बेस तीन, असे आकडेच. मी दोन. भर बाजारात गिलावड्याच्या गाडीपाशी तुमी वरडत, "काय वं दोन, घरी जेवन नाही का आज?" लोक वळून पाहत. माहा बाप म्हने, हा मास्तर पोरीले दोन काहून म्हनते, पहिली कोन हाय?

आता दोराचं सांगते. आपल्याजवळ मोजाचा टेप नव्हता. तुमी एक जाड सुती दोर मापून आनला, चाळीस फुटांवर लाल चिंधी, बॉल टाकनाऱ्या पिचरसाठी, अन् साठ फुटांवर हिरवी, एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत पळाच्या अंतरासाठी. दर रविवारी त्या दोरानं आमी मैदान आखत होतो, चुन्याची फक्की टाकून. ते काम माहं अन् पिचरचं. दोर स्टोअररूममंधी राहे, चावी शिपायाजवळ. त्या रविवारी आखनी झाली अन् पाहतो त शिपाई घरी गेलेला. मी दोर घरी आनला. घरी बहिनीच्या पोराचं बारसं, बाया गोळा झालेल्या, अन् पाळन्याची दोरी ऐन वक्ताले तुटली. आई म्हने, "अवं, काहीतरी बांध ना लवकर, बाया उभ्या हायेत!" मी विळ्यानं तुमच्या दोरातून, लाल अन् हिरव्या चिंधीच्या मंधातून, दोन हात तुकडा कापला, पाळन्याले बांधला, अन् उरलेला दोर गाठ मारून जोडून टाकला. मले वाटलं, एवढ्या लांब दोरातून दोन हातांनं काय फरक पडते? गनितात मी कशी होती हे तुमाले माहीतच हाय.

तवापासून फायनलपर्यंत आमी त्या तीन फूट आखूड मैदानावर खेळलो. चिंध्या जागच्या जागी होत्या, कोनाले शंका येनार कशी? अन् आमी भलत्या फार्मात होतो. पळनारीले आऊट कराले सेकंड बेसवर मारलेला माहा थ्रो असा जाई का तुमी स्वतः टाळी वाजवत, अन् तुमची टाळी म्हनजे काय होती हे आमाले माहीत होतं. तुमी सांगतलं होतं, फायनलले युनिव्हर्सिटीची टीम निवडनारे येतात, अन् दोनचं नाव मी दिलं हाय. युनिव्हर्सिटी खेळली का नोकरी लागते असं तवा सारे म्हनत. मी घरी सांगून बसली होती.

मंग अकोला. सकाळची एसटी, मूर्तिजापूरले चहा, तुमच्या घरून आलेल्या ठेचा लावलेल्या पोळ्या. मैदान त्यांचं टेपानं मोजलेलं, बरोबर. पहिलीच त्यांची पोट्टी सेकंडकडं पळाली, मी थ्रो मारला, अन् बॉल बेसच्या अलीकडं टप्पा पडून उसळला. सेफ. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरानं फेकला का बॉल बेसवरून पार मांगं सेंटरले गेला. आमच्याही पोट्ट्या पहिल्या बेसवर एकएका पावलानं आऊट होऊन राहिल्या. बाजूले बसलेली एक बाई म्हने, "अमरावतीच्या पोरी काय लग्नातून उठून आल्या का वं?" तुमी ओरडले नाही. फक्त स्कोअरबुकात पेन्सिलीनं चूक, दोन. चूक, दोन. चूक, दोन. मी लांबूनच तुमचा हात हलताना पाहत होती. युनिव्हर्सिटीसाठी अकोल्याची कॅचर गेली.

दुसऱ्या दिवशी तुमी कुठून तरी टेप आनला अन् आपलं मैदान मोजलं. सत्तावन. पुन्हा मोजलं. सत्तावन. मंग दोर ओढत आनला, हातातून सरकवत सरकवत गाठीपाशी थांबले.

"ही गाठ कोनी मारली?"

पिचर हळूच म्हने, "सर, उंदरानं कुरतडला असंल, शिपायानं जोडला असंल." मी तिच्या मांगं उभी होती. तोंड उघडलं होतं मी, खरं सांगते, उघडलं होतं. पन तुमीच आधी बोलले. "कोनीही मारली असो. दोर माहा, मैदान माहं, मोजाचं काम माहं. अख्खा सीझन मी मोजलं नाही." अन् तिथंच गुडघ्यावर बुक ठेवून तुमी रबरानं माहे तिन्ही दोन खोडले अन् वर लिहिलं, चूक, प्रशिक्षक. मंग म्हनले, "काय पाहून राहिल्या? मैदान पुन्हा आखा. अन् टेपानं."

त्या वर्षी मी नापास झाली, पुढच्या वर्षीही, अन् कॉलेज सुटलं. एक दिवस तुमी आमच्या सैपाकघरात येऊन बसले. आई भाकरी थापून राहिली होती. तुमी म्हनले, "हिले सकाळी साडेपाचले पाठवत जा. माह्याजवळ कॅचर शिकवनारं कोनी नाही, मले स्वतःले उकिडवं बसता येत नाही." आई म्हने, "मास्तर, हिचं लग्न जमवून राहिलो आमी." तुमी म्हनले, "साडेपाचले कोनतं लग्न लागते?" अन् तेवढ्यात पाळन्यातलं बहिनीचं दुसरं पोरगं रडाले लागलं. आईचे हात पिठाचे, माहे हात चुलीत. तुमी सरळ हात लांबवला अन् दोरी ओढाले लागले. तीच दोरी. तिच्यावर चुन्याचा पांढरा डाग तसाच होता, आईनं दोनदा धुऊनही गेला नव्हता. तुमी ओढून राहिले अन् आईसंगं बोलून राहिले, अन् मी फुंकनी हातात धरून बसली, फुंकत नव्हती, फक्त धरून. भाकर करपली. आईनं शिवी देली. पोरगं झोपलं. तुमी दोरी सोडली, हाताचा चुना पँटले पुसला, चहा घेतला अन् गेले. तुमी तो डाग पाह्यला का नाही, मले आजही सांगता येत नाही. जाताना कोपऱ्यात एक पिशवी ठेवून गेले, तिच्यात कॅचरचा ग्लोव्ह होता, पहिलाच नवा, माह्या हाताच्या मापाचा.

तवापासून मी येतच गेली. लग्न झालं, गावातल्याच मानसासंगं. होस्टेलच्या पोट्ट्यांची मेस टाकली, सकाळी मैदान, मंग कनीक. तीस-बत्तीस वर्षं तुमी टीम चालवली. कधी जिंकलो, कधी हारलो, कपाटं भरले, धूळही भरली. हार घालाले कोनी आलं का तुमी बॉलची पिशवी त्याच्या हातात देत. रिटायर झाले त्या दिवशीही तुमी पोट्ट्यांकडून मैदानच आखून घेतलं. नोकरी लागली असती त मी कुठल्या तरी स्टेशनवर तिकिटं देत बसली असती. मले इथं बरं वाटलं, अन् हे मी मनाचं समाधान म्हनून सांगून नाही राहिली.

पन दर जूनमंधी, नव्या पोट्ट्या आल्या का पहिल्या दिवशी तुमी त्यांले रांगेनं बसवत अन् अकोल्याची गोष्ट सांगत. "चूक माही होती. मी मोजलं नाही. तुमी सारं मोजाचं, सर म्हनते म्हनून काही मानाचं नाही." अन् मंग एकएकीच्या हाती टेप. मी बाजूले बसून बॉल पुसत राहे. एका वर्षी धारनीची पोट्टी आली, जीपच्या टपावर बसून आलेली, कोनाले न भेनारी. तिनं सरळ इचारलं, "सर, पन गाठ कोनी मारली होती?" माह्या हातातला बॉल सुटला. तुमी माह्याकडं पाह्यलं नाही. म्हनले, "तुले पोलिसात जायचं हाय का बॅटिंग करायची हाय? ऊठ, टेप धर."

आता तेच पोट्टी तेच भाषन देते, अन् स्मरणिकेत छापनार हाय, सराची चूक म्हनून. कागदावर. बोलन्यात चालून गेलं, पन छापल्यावर तुमच्या नातवानंही तेच वाचावं का? चार दिवस मले भाकर गोड लागली नाही. काल रात्रीचं जेवन पोट्ट्यांले लवकर वाढलं अन् वहीच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. 'दोर मी कापला होता, पाळन्यासाठी. सरांनी नंतर मोजला.' आज सकाळी मैदानावर तिच्या हातात देल्या. तिनं वाचल्या, पुन्हा वाचल्या. मले वाटलं आता काही म्हनंल. म्हने, "मावशी, मंग आता जूनमंधी मी काय सांगू? चूक सराची होती असं सांगता येनार नाही का?"

मी म्हनलं, "सांग ना. मोजलं त त्यांनी नव्हतंच."

ते इतकी हासली का पोट्ट्या पळनं सोडून पाहाले लागल्या. मंग डोळे पुसून म्हने, "दोन्ही छापते. तुमी कापला, त्यांनी मोजला नाही." अन् मले म्हने, पन एवढे वर्षं बोलल्या काहून नाही? मी म्हनलं, कोनी इचारलं नाही. ते खोटं हाय, तिनंच इचारलं होतं.

खरं तुमाले सांगते, ते त्या दोन ओळींत लिहिलं नाही. भेवानं गप राहिली नाही मी. भेव पहिल्याच वर्षी सरलं होतं. टीमच्या भल्यासाठीही नाही. आमच्या घरी दूध उतू गेलं त मी, शेळी सुटली त मी, भाकर करपली त मी. माही चूक स्वतःच्या अंगावर घेनारा मानूस मी तवर पाह्यलाच नव्हता. दर जूनमंधी तुमी उभे राहून चूक माही म्हनत, अन् मले ते आयकाले गोड लागे. पुढच्या वर्षीही आयकाले भेटावं असं वाटे. एवढंच होतं. हा कागद मी कोनाले दाखवनार नाही, अन् याच्यावर एक शब्दही आता जास्त लिहिनार नाही.