पोटरीवरची चप्पल

चप्पल चिकटवून झाली होती. डाव्या पोटरीवर, टाच खाली, अंगठा वर, कोल्हापुरी. मी अरुंद बाकावर पालथी पडलेले, हनुवटी उशीत, आणि हर्षित नावाचे दाढीवाले गृहस्थ (गोंदण्याच्या धंद्यात बिनदाढीचा माणूस मला अजून भेटलेला नाही) हातमोजे चढवून सुई सुरू करणार, इतक्यात मी "थांबा" म्हणाले.

ती. आत्या, शिरसाष्टांग नमस्कार. हा शब्द आजवर नुसता लिहीत आले. आज दुपारी बराच वेळ त्याच आसनात होते, म्हणून जरा हक्काने लिहिते. तुझे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र लावतेस की अजून डबीतच आहे? (लावत असतीस तर हे सगळं फोनवर सांगितलं असतं.) कोकमं वाळली का? इकडे सगळे मजेत. प्रितमचं वजन वाढलं, सान्वीची उंची वाढली, माझं काही वाढलं नाही. सासूबाईंची तब्येत उत्तम आहे. ती किती उत्तम आहे हे पुढे कळेलच.

तुला तो चटका आठवत असेल. मी सान्वीएवढी होते. काकांच्या मोटारसायकलवरून उतरताना पोटरी सायलेन्सरला लागली होती. त्यावर तू आधी टूथपेस्ट, मग बटाट्याचा कीस आणि मग कोरफड लावलीस, त्यातल्या कशाने तरी तो बरा झाला. डाग राहिला. त्यानंतर मी घोट्याच्या वर संपणारं काही घातलं नाही, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडे घोट्यापर्यंत कपडे घालणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नाही. पण या वर्षी मी सान्वीबरोबर पोहायला शिकले. (हो, या वयात. बुडत नाही. पुढेही फारशी जात नाही.) तलावावर पाण्यात उतरायच्या आधी रोज कोणीतरी विचारतं, "अय्या, भाजलं का?" मी सांगते, सायलेन्सर. मग त्या बाई आपल्या भावाचा, दिराचा, शेजाऱ्याचा सायलेन्सर सांगतात. तोवर सान्वी तलावाची लांबी पोहून परत आलेली असते. डागाचं मला काही नाही, आत्या. मला तो प्रश्न नको झाला आहे. परवा मी पाऊस नसताना पावसाचं कारण सांगून घरी बसले, आणि सान्वी म्हणाली, "मम्मी, तुला यायचं नसेल तर सरळ सांग ना." मला यायचं होतं.

गोंदून घ्यायची कल्पना सासूबाईंची. त्यांचं माहेर शहाडचं, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. "त्याच्यावर काहीतरी काढून टाक गो," म्हणाल्या, "मग डाग इचारणार नाय कोन, चित्र इचारतील." मला हे इतकं पटलं की मी त्यांना डोंबिवलीच्या त्या दुकानात बरोबर घेऊन गेले. माझी चूक तेवढीच.

कारण वाटेत रिक्षात त्यांच्या लक्षात आलं की पोटरी पायात येते. हातावर वाट्टेल ते चालतं, पण पायावर? रात्री झोपेत एक पाय दुसऱ्याला लागतोच. मग ज्याला पाय लागला त्याला नमस्कार करायला नको? तेव्हा त्यांनी एक कसोटी ठरवली, आणि कसोटी म्हणून ती निर्दोष आहे, मी बी.ए.ला तर्कशास्त्राचा पेपर दिला होता. "त्याला पाय लागला तर तू नमस्कार करशील का नाय? करशील, तर ते काढायचं नाय."

हर्षितने वही उघडली. पहिल्याच पानावर कमळ होतं. त्याने स्वतःच पान उलटलं. मला लाट आवडली होती, पोहण्याला धरून. सासूबाई म्हणाल्या, नारळी पौर्णिमेला नारळ देतो तो कोणाला? लाट गेली. पुस्तक गेलं. पेन गेलं. सायकलला दसऱ्याला हार घालतो, सायकल गेली. (कसोटी धरली तर आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात काहीच उरत नाही, आम्ही प्रिंटरलासुद्धा हळदकुंकू वाहतो, तरी तो कागद खातो.) वाघ देवीचा, उंदीर गणपतीचा, कुत्रा दत्ताचा, कावळा तर घरचाच. विंचवावर मी आशा धरली होती, कारण विंचू सासूबाईंच्या स्वतःच्या दंडावर आहे. त्यांनी बाही वर करून तो हर्षितला दाखवला. "हातावर हाय," म्हणाल्या. "हातावर!" हर्षितने त्याचा फोटो काढून घेतला. झाडू लक्ष्मी. कांद्याला देवाच्या ताटात जागा नाही, तेव्हा कांदा चालावा, असं मी सुचवलं. "अन्नाला पाय लावतेस?" मी लावत नाही. नुसत्या आडव्यातिडव्या रेघा, हर्षित म्हणाला, त्यांचा काही अर्थच नसतो. सासूबाईंनी रेघा लांब धरून पाहिल्या आणि रांगोळी आहे म्हणाल्या.

मी प्रितमला फोन केला. तो म्हणाला, "माझं नाव काढ, मी तसाही तुझ्या पायाशीच असतो." हे स्पीकरवर होतं. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला आणि पर्समध्ये ठेवला, स्वतःच्या.

फुलपाखरू मात्र कसोटीला उतरलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फुलपाखराला नमस्कार करणारा माणूस सासूबाईंना आठवेना. पण सान्वीने मला घरूनच बजावलं होतं, "मम्मी, फुलपाखरू नको, फुलपाखरू म्हणजे आंटी." मी आंटीच आहे. पण ते पायावर लिहून फिरायचं नव्हतं.

शेवटी हर्षित हरला. एवढा सोशिक माणूस, पण त्यालाही घरदार आहे. "काकू," तो म्हणाला, "डायनोसॉर?" सासूबाई विचारात पडल्या. "ते मेलेत ना सगळे?" त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. "म्हंजे पितर."

पंखा फिरत होता. हर्षित दाराकडे बघत बसला होता, बहुधा पळून जाण्याच्या विचारात, आणि दारात आमच्या चपला होत्या. त्याने हळूच विचारलं, "चप्पल?" सासूबाईंनी चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चपलेला पाय लागला तर कोण नमस्कार करणार? ती पायाचीच. शिवाय ट्रकच्या मागे बांधतात, दृष्ट लागत नाही. "काढ," म्हणाल्या. त्या अशा खूश झाल्या की मलाही वाटलं, मला पहिल्यापासून चप्पलच हवी होती. हर्षितने तासाभरात सुरेख कोल्हापुरी काढली, वेणीचा पट्टा, गोंडा, सगळं. कागदावर उतरवली, कागद पोटरीवर दाबला, ओढून काढला, जांभळी चप्पल उमटली. डाग तिच्या तळव्याखाली पुरता गेला. मग तो म्हणाला, सुई झाल्यावर तीन आठवडे पाण्यात उतरायचं नाही. (ज्या पाण्यासाठी हे सारं, त्याच पाण्यात.)

समोर आरसा होता. मान वळवून मी चप्पल पाहिली आणि मला तलाव दिसला. "अय्या, चप्पल का?" सायलेन्सर हे एका शब्दाचं उत्तर होतं. चपलेचं उत्तर द्यायचं तर कमळापासून सुरुवात करावी लागेल, मधे दत्त, पितर, प्रिंटर, आणि सान्वी कपडे बदलून घरीसुद्धा पोचलेली असेल. म्हणून मी "थांबा" म्हणाले. हर्षितने सुई ठेवली. तो चिडला नाही, उलट चहा मागवला. सासूबाई मात्र अजून चिडलेल्या आहेत. एवढी शोधून काढलेली चप्पल, म्हणतात, आणि हिला पटत नाही.

तर असं झालं. काही झालं नाही, असंही म्हणता येईल. काकांना नमस्कार, आणि हे त्यांना वाचून दाखवू नकोस, सायलेन्सरचं ऐकून ते जेवायचे नाहीत. तब्येतीला जप.

तुझी,
ऋतिका

ता. क. पाकिटात घडी केलेला पातळ कागद आहे. तो फेकू नकोस, हर्षितचा बटर पेपर आहे. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आहे. आत्या, तुझ्या पोटरीवर ते गोंदणाचे हिरवे ठिपके आहेत ना? मागच्या दारी पाय पसरून बस, तो कागद पोटरीवर धर आणि पेनाने ठिपक्यांवर ठिपके दे. गुडघ्यामुळे वाकवत नसेल तर शेजारच्या नंदाला बोलाव. काकांना नको, ते मधे सुधारणा करतील. हे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. फोनवरून कागद पाठवता येत नाही.

ता. क. दुसरा. तुझ्याच मांडीवर मी पालथी पडले होते, तू कोरफड लावत होतीस, आणि माझं तोंड तुझ्या पोटरीपाशी होतं. रडू नको, ठिपके मोज म्हणालीस. मी मोजले. दर वेळी वेगळे आले. सुई लागेल तेव्हा मला तेच मोजायचे आहेत, म्हणून एकही गाळू नकोस, तुझ्या मनाने एकही वाढवू नकोस. तलावावर कोणी विचारलं तर सांगेन, आत्याचे आहेत. दोन शब्दांत होईल.

ता. क. तिसरा. ठिपक्यांना सासूबाईंची कसोटी मी मनातल्या मनात लावून पाहिली. झोपेत पाय लागला तर नमस्कार करीन का? करीन. म्हणजे ठिपकेही बाद. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. तू फोन करून सांग. तुला ऐकू येत नाही, तेव्हा त्या काय म्हणतील याचा तुला त्रास नाही.

सकाळी पुढे लिहिते. पाकीट चिकटवायला मी जमिनीवर बसले होते. चप्पल अजून पोटरीवर आहे, जांभळी शाई दोनचार दिवस जात नाही म्हणे. सासूबाई चहा घेऊन बाजूने गेल्या आणि त्यांचा पाय माझ्या पोटरीला लागला. त्यांनी कप खाली ठेवला, वाकून पोटरीला हात लावला, कपाळाला लावला, आणि मग कशाला लावला ते पाहिलं. कप उचलून आत गेल्या.