चाळीस दिवस आणि एकही गाणं नाही

तासगाव,
मंगळवार, भर दुपारी

चि. अर्जुनास दाजींचे अनेक आशीर्वाद. कोइमतूरच्या दुकानातला सोनं गाळायच्या गलाईचा धूर तुझ्या खोकल्याला मानवतोय का, ते कळव. इकडे माझे गुडघे, म्हैस आणि तुझी मंगलअक्का ठीक आहेत. पहिल्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. (फोन केला नाही, कारण तो तीच उचलते. घरच्या ग्रुपवर लिहिलं तर सगळ्यांच्या आधी ती वाचते. हे पत्र वाचून भट्टीत टाक.)

आमच्या लेकीनं, क्रांतीनं, पुण्याला नोकरीवर जाताना तिची गिटार घरी ठेवली. ती घेऊन तुझी अक्का गेले चाळीस दिवस रोज तीन वाजता बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसते. आत टुंग असा एक आवाज होतो, मग ती मोठ्यानं एक इंग्रजी अक्षर म्हणते. पुन्हा टुंग, पुन्हा तेच अक्षर. सोमवारी नुसता 'सी', मंगळवारी नुसता 'एफ'. चाळीस दिवसांत एकही गाणं नाही, अर्जुना! गाणंच वाजवायचं नाही तर गिटार कशाला? मी बावीस वर्षं फौजेत वायरलेस सेटवर काढलीत. सांकेतिक निरोप मला ओळखू येत नाही असं वाटतं काय हिला?

मी वही घातली. तारीख, वेळ, अक्षर. मधूनमधून ती आकडेही बोलायची, "पाचवी तार, तिसरं घर, सी." (गिटारीच्या दांडीवर दोन पट्ट्यांमधल्या जागेला घर म्हणतात, हे मला मागाहून कळलं.) शिवाय अक्षरं 'जी'च्या पुढं जातच नाहीत. 'एच'नं हिचं काय घोडं मारलंय? हे नकाशावरचे चौकोन असणार, अशी माझी खात्री पटली. गावाच्या नकाशावर आडवी अक्षरं आणि उभे आकडे टाकून रेघा मारल्या, तर ठिकाण निघालं नानासोच्या गोठ्यामागं. तिथं दीड तास दबा धरून बसलो. नानासो धार काढायला आला आणि म्हणाला, "आवं सुभेदार, पोट बिघडलंय का? घरात या की, संडास हाय." मला व्हय म्हणावं लागलं, आणि वर त्यानं दिलेलं ओव्याचं पाणी प्यावं लागलं.

शेवटी काल शेडच्या हिरव्या जाळीला डोळा लावला. दांडीवर हिनं कपाळाच्या टिकल्या चिकटवल्यात. मांडीवर क्रांतीच्या हातची चिठ्ठी: रोज एकच सूर घ्यायचा, सहाही तारांवर शोधायचा, आधी बोट आणि मग तोंडानं नाव. म्हणजे ती खरंच शिकतेय. पण माझा संशय गेला नाही. मी सुट्टीवर यायचो तेव्हाही बाग, औषधं, मजूर सगळं हिला तोंडपाठ असायचं, आणि मी पाहुण्यासारखा चहा पीत बसायचो. आता कायमचा घरी आलो, तर जिथं माझी गरज नाही अशी आणखी एक गोष्ट हिनं शोधून काढली. मला वाईट वाटतं, अर्जुना. गाणं कुणासाठी राखून ठेवलंय, एवढं तिला विचार. माझं नाव घेऊ नको.

तुझा दाजी,
ज्ञानू

ता.क. : वही लिहिता लिहिता मला सगळी दांडी पाठ झाली. बाराव्या घरापुढं पुन्हा तेच सूर पहिल्यापासून येतात, हे मी एकट्यानं हुडकलं. तरी एक जुनी गिटार पाठव. खोक्यावर 'फवारणीचा पंप' असं लिही. पत्राचं मूळ कारण हेच.

ता.क. दुसरा : पाकीट बंद करायच्या आधी वही पडताळावी म्हणून गव्हाच्या डब्यामागून काढली. तेवीस तारखेला मी लिहिलं होतं, "चौथी तार, सातवं घर, बी." तो 'बी' लाल पेनानं खोडलाय आणि शेजारी तुझ्या अक्काच्या अक्षरात 'ए'. त्याखाली रोज एक बरोबरची खूण. तेवीस तारखेपासूनच ती प्रत्येक अक्षर सावकाश, दोन-दोनदा आणि जाळीकडं तोंड करून म्हणायला लागली, हे मला आत्ता उमगतंय. शेवटच्या पानावर लिहिलंय, "उद्या तीनला आत या. गाणं दोघांनी मिळून धरायचं हाय." गिटार लवकर पाठव, पंप लिहू नको. वही हिला सापडली कशी, याचा तपास मात्र मी सोडणार नाही.