वडिलांच्या गाडीचा एसी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, जुन्या गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात जन्म घालवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टर ते उघडून बघणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लेक मागे उभी राहून "आई, अक्षर जरा मोठं काढ" म्हणते आहे, तेवढाच.

कलम एक. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. ती नर्स आहे. रोग्याला आधी विचारते, मग तपासते. हा गुण माझ्याकडून आला असे मी मानते. ती मानत नाही.

कलम दोन. वर्कशॉपची जागाही तिचीच. भाड्याने द्यायची तर खुशाल द्यावी. मात्र भिंतीवर मी रंगवलेले "आधी गळती शोधा, मग गॅस भरा" हे वाक्य निदान वर्षभर पुसू नये. समोरच्या दुकानातून ते स्पष्ट दिसते, आणि त्यासाठीच ते एवढ्या मोठ्या अक्षरात आहे. समोरचे दुकान माझ्या धाकट्या भावाचे. त्याच्या पाटीवर "गॅस भरून मिळेल" एवढेच आहे.

कलम तीन. हत्यारे, दाब मोजायची घड्याळे आणि थर्मामीटर लेकीने ठेवावीत किंवा विकावीत. जावयांना त्यांतले काही हाताळू देऊ नये. माणूस लाख मोलाचा, पण बोनेट आपटून लावतो. त्यांना माझी आरामखुर्ची द्यावी. तिच्यावर त्यांचा डोळा आहेच.

कलम चार. गाडी. इथे जरा पाल्हाळ होईल, वकीलसाहेबांनी सांभाळून घ्यावे.

वडिलांनी जाताना त्यांची गाडी आम्हा दोघा भावंडांना ठेवली, अर्धी अर्धी. जुन्या गाडीचा एसी एकट्याने नीट तपासता येत नाही. एकाने आत बसून एसी लावायचा, दुसऱ्याने बोनेटमध्ये डोके घालून कॉम्प्रेसरचा क्लच पकडतो का, म्हणजे कॉम्प्रेसर फिरू लागतो का, ते बघायचे. आतला ओरडतो, "लावला!" बाहेरचा ओरडतो, "लागला!" धाकटा आत, मी बाहेर. आमची सगळी उमेदीची वर्षे या दोन शब्दांत गेली, आणि मजेत गेली.

मग वडिलांच्याच गाडीचा एसी बिघडला. धावताना गार, सिग्नलला थांबली की गरम. मी म्हटले, समोरचा पंखा बंद पडला असणार; धावताना वारा फुकट मिळतो, थांबल्यावर कुठून मिळणार? तो म्हणाला, गॅस कमी आहे. बोनेट उघडले असते तर हातातला चहा निवायच्या आत उलगडा झाला असता. पण तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ताईला प्रत्येक गाडीत पंखाच दिसतो." मी म्हटले, "तुझं काय, तू टायरमध्येही गॅस भरशील." शब्दाने शब्द वाढला. शेवटी मी अट घातली आणि ठरले, की दुसरा समोर असल्याशिवाय या एसीला कोणी हात लावायचा नाही. मागाहून लबाडीचा संशय नको.

त्यानंतर त्याने समोर दुकान थाटले आणि बोलणे बंद झाले. करार मात्र दोघांनीही पाळला. लोकांच्या गाड्या गार करणारी मी भर उन्हात काचा खाली करून घामाने निथळत हिंडते, आणि तो दुकानातून बघतो. चोरून बोनेट उघडायला मला कोण अडवणार होते? पण मी खरी ठरले हे त्याने बघितलेच नाही, तर खरे ठरून उपयोग काय?

हल्ली गिऱ्हाइकाच्या गाडीत मी आत एसी लावते आणि स्वतःच धावत बोनेटपाशी येते. धाप लागते. मला धाकट्याची आठवण येते. हे कायद्याच्या कागदात बसते की नाही ठाऊक नाही, पण लिहून ठेवते.

म्हणून गाडीतला माझा हिस्सा धाकट्याला द्यावा. अट एकच. त्याने आत बसावे, माझ्या लेकीने बोनेटपाशी उभे राहावे, आणि दोष काय निघाला ते मोठ्याने सांगावे. मी नसले तरी मोठ्याने.

पुरवणी, सह्या होण्यापूर्वी जोडलेली. दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे मास्तर यायचे होते. ते तापाने पडले, म्हणून लेक रस्ता ओलांडून मामाला घेऊन आली. मास्तरांना खरेच ताप आहे का, हे मी विचारलेले नाही.

वकीलसाहेबांनी धाकट्याला बजावले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. त्याने चष्मा लावून कलम चार वाचले. पुन्हा वाचले. मग म्हणाला, "पेन द्या."

"अहो, सही केलीत तर गाडीतल्या या हिश्श्यावर पाणी सोडावं लागेल."

"सोडलं. ही गेल्यावर गॅस कमी होता हे मी दाखवू कोणाला?"

कागद तसाच टाकून आम्ही बाहेर गेलो. तो आत बसला. सीट मागे सरकवावी लागली. पोट सुटले आहे. "ताई, लावला!" मी बोनेटमध्ये डोके घातले. लेकीने पाठीवर हात ठेवला. "लागला," मी म्हटले. क्लच पकडला, लगेच सुटला, पुन्हा पकडला, पुन्हा सुटला. म्हणजे गॅस कमी. पंखा जागचा हलला नाही. दोघांचेही खरे होते.

सबब कलम चार रद्द समजावे. गाडीतला हिस्सा मी तूर्त कोणालाही देत नाही. पंखा मी बसवणार आहे, गॅस तो भरणार आहे, आधी गळती शोधून. दोन्ही कामे ऑपरेशननंतर. तोवर, दुसरा समोर असल्याशिवाय गाडीला कोणी हात लावायचा नाही, हा करार आम्ही पुन्हा केला आहे. या खेपेला अट त्याने घातली.

ठिकाण: वर्कशॉप, गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार.

लिहून देणार: एसीवाल्या ताई (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. शेजारची शिंपीण (सही)
२. लिहून देणारीचा धाकटा भाऊ (सही. त्यावरचा डाग ग्रीसचा आहे, खाडाखोड समजू नये.)