लाखोलीतली कुरतडलेली पाने

११ जुलै १९५४, धानोरा
शेवटी हो म्हटले. कुसुमला बेलाची लाखोली हवी आहे आणि ती मीच वाहायची. धाकट्या बहिणीचा हट्ट. तिच्या पायाच्या सुजेवर बोट दाबले की खड्डा तसाच राहतो. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे. मी म्हटले, "माझा विश्वास नाही, हे तुला ठाऊक आहे." म्हणाली, "विश्वास राहू दे ताई. तुझी शिस्त पुरे."
कार्तिकापर्यंत एक लाख. रोज साडेआठशे. पान तीन दलांचे, अखंड, किडीने न खाल्लेले. धुऊन, पालथे, एका पानाला एक नाम.

१४ जुलै
कामाला येणारी चैताबाई पलीकडच्या टोल्यावरून, तिच्या वस्तीवरून, पाटीभर डहाळ्या आणते. ढीग पाहून म्हणाली, "एका देवाले इतके पानं? आमचा तं एका कोंबड्यात खुश होते." कामाकडे बघ म्हटले.
गुडघे गेले. कुरतडलेली पाने वेगळी काढते, नापास पेपर काढावेत तशी. नाम तोंडात, मन गावभर.

२० जुलै
सहाशेच्या पुढे मन गप्प होते, हे आज कळले. हातातले पान तेवढे उरते. अशात एका पानावर पाखराची विष्ठा दिसली. पुसायला अंगठा नेला तर हलली. डोके उचलून दोन नारिंगी शिंगे बाहेर काढली. कुजक्या लिंबासारखा वास. मी चक्क ओरडले.
"काऊन ओरडून राह्यल्या बाई? बेलावरचा किडा होय थो. पाखरानं खाऊ नाई म्हणून घाण बनून बसते."
हे तिला ठाऊक. मी बी.ए.
पान फेकले नाही. कंदिलाच्या जुन्या काचेत ठेवले, वर फडके बांधले.

२३ जुलै
तीस वर्षे मुलींना शिकवले. एकाही वस्तूकडे इतका वेळ पाहिल्याचे आठवत नाही. पानाच्या कडेने डोके खाली नेत खातो, पुन्हा वरून सुरुवात. ओळीमागून ओळ. जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढले. वाईट. पुन्हा काढले.
आधी नाम, मग काच, असा नेम केला. नामाविना बसले तर नीट दिसत नाही. दोनदा करून पाहिले.

२ ऑगस्ट, श्रावणातला पहिला सोमवार
अकरा किडे, सहा काचा. पहिला आता हिरवागार, अंगठ्याएवढा. कोवळे पानच खातात. पाटीतली उत्तम पाने आधी त्यांना जातात, हे लिहून ठेवते. आज साठ कमी वाहिली.
कुसुम उशांना टेकून बसलेली असते, आडवे झाले की दम लागतो. विचारले, "झाली आजची?"
"झाली."
एवढ्या सहज खोटे बोलता येते मला.

६ ऑगस्ट
पहिल्या किड्याने काल कमरेभोवती धागा बांधून घेतला, काडीला टेकला, आणि आज किडा नाही. कोष. हे कुणाला तरी सांगायचे होते. घरात कुसुमच. तिला कसे सांगणार?
कठाणी नदीला पूर. डॉक्टर येत नाहीत.

१२ ऑगस्ट
कुसुम भिंत धरत मागच्या पडवीत आली. मी काचेला नाक लावून बसलेली.
"ही माझी पानं ना, ताई?"
"हो."
"मला रोज झाली म्हणून सांगायचीस."
मी शिंगांचे, धाग्याचे सांगू लागले. शाळेत सांगावे तसे, भराभर. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "यांना भरवतेस तेव्हा तरी माझं नाव घेतेस का गं?"
मी काचेवरचे फडके उगाच पुन्हा बांधले. परत जाताना तिने माझा हात धरला नाही.

१३ ऑगस्ट
एकूण पाचशेचाळीस कमी. आज सगळी भरून काढली, दुपार टळली. चैताबाईला म्हटले, किडे झाडावर सोडून ये. तशीच परत आली.
"कुठी सोडू? तीन झाडं ओरबाडले तुमच्या देवासाठी. शेंड्याले चार पानं हायेत. किड्याईनं काय खावं?"
झाडांचा विचार मला सुचलाच नव्हता. कुसुमलाही नाही. लाख म्हणजे लाख.
सायंकाळी चैताबाईच्या मागून टोल्यापर्यंत गेले. नाल्याकाठी एक बेल सापडला, त्यावर सोडले. त्या झाडाचे पान तोडायचे नाही असे तिला सांगितले. हसली. "आता काऊन?"

१६ ऑगस्ट
कुसुम बोलत नाही. औषध माझ्या हातून घेते, पाणी स्वतः ओतते. सूज मांडीपर्यंत. निरोप धाडला आहे. नदी उतरली तर डॉक्टर उद्या, नाही तर…
पडवीत जात नाही. कोष काचेला चिकटलेले, ते हलवता आले नाहीत. नाम घेताना त्यांचीच आठवण येते. नामाने ज्या दारात आणून सोडले ते दार मीच लावून बसले आहे. तिच्यासाठी की भीतीने, सांगता येत नाही.

१८ ऑगस्ट
पाने आता लांबून येतात, थोडी. सकाळी कुसुमने सहा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडले.
"झाली?"
"नाही. तीनशे राहिलीत."
"खरं सांगतेस?"
"खरं."
भिंतीकडे वळली. तिकडेच तोंड ठेवून म्हणाली, "त्याचं पुढं काय होतं गं? त्या कोषाचं?"
"अजून मला पाहायचंय."
पुन्हा बसले. ढिगातले पहिलेच पान हातात आले: तीन दले, अखंड, कुठे खरचटलेले नाही. नियमाने वाहण्याजोगे. मधल्या दलाच्या टोकाला पिवळसर अंडे, मोहरीहून लहान. धुतले तर जाईल.
आत कुसुमचा श्वास ऐकू येतो. पाण्याचे तांब्याचे भांडे समोर आहे. पान अजून हातात.