डावा गाल देवासचा, उजवा धारचा

११ नोव्हेंबर, देवास
एक तारखेला धारला मुलगी बघायला जायचंय आणि माझ्या गालांवर जत्रा भरलीय! डावीकडे आठ, उजवीकडे सात. वय एकोणतीस. हे काय वय आहे मुरमांचं?

विद्युल्लताआत्यानं इथल्या डॉक्टरांकडे नेलं. अँटिबायोटिक जेल, दिवसातून दोनदा. संध्याकाळी धारहून मामीचा फोन — "देवासचे डॉक्टर काय करणार! आमच्या डॉक्टरसाहेबांची ट्यूब बसनं पाठवते." आता दुखवायचं कुणाला? डावा गाल देवासला दिला, उजवा धारला. इतक्या निःपक्षपातीपणे मी ऑफिसातही वागत नाही.

१२ नोव्हेंबर
मुलीचा बायोडाटा आला. आरोही नाव. फोटो पाहिला — चेहऱ्यावर एक डाग नाही! बाकीचं वाचायची हिंमत झाली नाही.

१९ नोव्हेंबर
देवास पाच, धार सहा. आत्या खूश. मामीला व्हिडिओ कॉलवर उजवा गाल दाखवला तर म्हणते, "नीट लावत नसशील तू!"

२४ नोव्हेंबर
धार तीन, देवास चार! शेजारच्या टेबलावरचा धीरज म्हणाला, "भिया, लड़की देखने जा रिया है के मैच खेलने?" जळतो लेकाचा.

३० नोव्हेंबर
हनुवटीवर नवीन. बरोब्बर मधोमध! हा कोणत्या जिल्ह्यात धरायचा?

१ डिसेंबर, धार
गच्चीवर आम्हा दोघांना बोलायला सोडलं. म्हटलं, लपवायचं कशाला? सगळा प्रयोग सांगितला, आकड्यांसकट. आरोही हसली. ट्यूबचे फोटो मागितले, मोठे करून बारीक अक्षरं वाचली. "अहो, दोन्हींत क्लिंडामायसिनच आहे. प्रमाणही तेच. फक्त नाव वेगळं."

तीन आठवडे मी एकाच औषधाची त्याच औषधाशी कुस्ती लावत होतो! शिवाय तिनं बजावलं — नुसतं अँटिबायोटिक लावत राहिलं तर पुढे जंतू दाद देत नाहीत, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड लागतं. ते टॉवेलला लागलं तर रंग उडतो म्हणे.

हुशार आहे. आणि ऐकते किती शांतपणे! मला आवडली. खरंच फार आवडली. पाऊण तास कसा गेला कळलंच नाही. मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळा झालोय.

४ डिसेंबर, देवास
धारहून नकार. मामीला विचारलं, चेहऱ्यामुळे? "नाही रे. म्हणाली, पाऊण तासात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही."
आरोही कुक्षीच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. हे मला आज मामीकडून कळलं.