ओल्या गोणपाटातली सरकी

माय,

आज डबा उघडला आणि तसाच झाकला. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं माझं ऑफिस तू पाहिलं नाहीस. आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. सध्याचं कापूस खरेदी केंद्रासाठी आहे: शेतकऱ्याने नाव नोंदवायचं, त्याला गाडी आणायचा दिवस मिळायचा. भाव पडल्यापासून केंद्राबाहेर गाड्या दोन-दोन दिवस उभ्या असतात, माणसं कापसावरच झोपतात. परवापासून खरेदी याच सॉफ्टवेअरवर सुरू होते. काही बदललं की सगळं काम आपोआप तपासणाऱ्या टेस्ट आम्ही लिहिलेल्या आहेत, पण त्या पूर्ण चालवून जी चूक लाल दिसेल ती दुरुस्त करायला दोन दिवस जातात. सकाळी मी त्या बघणाऱ्या मुलीला सांगितलं, यावेळी टेस्ट बंद ठेव, संध्याकाळी तसंच पाठवू. ती "हो मॅडम" म्हणाली. तेव्हापासून मी खुर्चीत धड बसलेली नाही.

राळेगावला पेरणीआधी तू शंभर सरक्या मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचीस आणि सहाव्या दिवशी कोंब मोजायचीस. एका वर्षी मी कॉलेजातून सुट्टीवर आलेली. बियाण्याचं सीलबंद पाकीट दाखवून म्हटलं, उगवण किती ते यावर छापलंय. "आता पाकीट पेरशीन काय वं?" एवढंच बोललीस. त्याच आठवड्यात मावशीच्या आजारपणासाठी तुला पुसदला जावं लागलं, आणि गोणपाटाचं काम माझ्यावर टाकलंस. परतल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलंस, किती उगवले? मी म्हटलं, ब्याण्णव. तू पेरलंस. शेत दाट आलं. तू शेजारणीला सांगते आहेस, "माह्या पोरीचं काम चोख हाये," आणि मी आत भाजी चिरते आहे, मान वर करत नाही.

उगवलं नसतं तर निदान तुझी बोलणी खाऊन मोकळी झाले असते.

दुपारी चार वाजता जागेवरून उठले, त्या मुलीला म्हटलं, टेस्ट सुरू कर, केंद्रावाल्यांना उशिराचं मी सांगते. ती म्हणाली, "मॅडम, रागावू नका. मी बंद केल्याच नव्हत्या." पडद्यावर एक ओळ लाल. एका गावात एकाच नावाची दोन माणसं आली, की दुसऱ्याच्या नोंदीने पहिल्याची पुसली जात होती. आपल्या एका गल्लीत एका नावाचे तिघे होते. भरली गाडी घेऊन कुणीतरी दारात उभा राहिला असता, आणि त्याचं नावच नसतं.

केंद्रावाल्यांची बोलणी ऐकून घेतली. खोटं बोलल्याबद्दल मुलीला रागवायला उठले, आणि परत बसून हा कागद लिहायला घेतला.

हा कागद खणातच राहील. माय, ते गोणपाट मी भिजवलंच नव्हतं. ब्याण्णव हा आकडा तू अंगणात शिरताना मी ठरवला.